बारमाही फुलणारी बाग: उन्हातली झाडं कशी निवडावीत

नमस्कार मंडळी.

नर्सरीत गेल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘बारा महिने फुलणारं काही आहे का?’ आणि त्या दिवशी जे फुलांनी लगडलेलं असेल ते झाड पुढे केलं जातं. डिसेंबरात शेवंती, एप्रिलमध्ये मोगरा. दोन्ही झाडं वर्षानुवर्षं जगतात, त्यामुळे विकणारा खोटं बोलतो असं नाही. पण शेवंती रात्र मोठी झाल्याशिवाय कळी धरत नाही, आणि मोगऱ्याचा मोठा बहर उन्हाळ्यापुरताच. उरलेले महिने आपण पानांनाच पाणी घालत राहतो. म्हणून फुललेलं झाड पाहून भुलू नका. ते कशामुळे फुलतं, ते विचारा.

विचारायच्या गोष्टी तीन. पहिली, कळी नव्या फुटीवर येते का? जास्वंद, निळा चित्रक म्हणजे आपण प्लंबॅगो म्हणतो तो, कण्हेर, पेंटास, जट्रोफा ही सगळी झाडं नवा धुमारा वाढला की त्याच्यावर कळी धरतात. धुमारे येत राहिले तर फुलं येत राहतात, आणि धुमारे आणणं आपल्या कात्रीच्या हातात असतं. दुसरी, दिवस लहान की मोठा याचं त्या झाडाला बंधन आहे का? शेवंतीला आहे, जास्वंदीला नाही. तिसरी, झाड बी धरतं का? शेंग भरायला लागली की झाडाचा जोर तिकडे जातो आणि फुलं रोडावतात. गोकर्णाच्या वेलीवर हे सहज दिसतं. शेंगा कोवळ्या असतानाच खुडल्या तर वेल महिनोन्महिने फुलते. वाळू दिल्या तर थकते. जास्वंदीला आपल्या बागेत बी क्वचितच धरतं, म्हणून ती न थांबता फुलते. सदाफुली तेवढी अपवाद: शेंगाही भरते आणि फुलतही राहते.

आता उन्हाबद्दल. ‘आमच्याकडे भरपूर ऊन आहे’ हे वाक्य कोणत्या महिन्यात म्हटलं यावर सगळं अवलंबून आहे. पुणं साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर असतो. तेव्हा ३ मीटर उंचीच्या भिंतीची सावली उत्तरेला जवळजवळ पावणेतीन मीटर पडते. मे महिन्याच्या मध्यावर मात्र सूर्य डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. याचा परिणाम असा की दक्षिणेकडच्या गॅलरीत डिसेंबरात आतपर्यंत ऊन येतं आणि जूनमध्ये वरच्या स्लॅबमुळे जवळजवळ काहीच येत नाही. घराच्या उत्तरेकडच्या वाफ्यात बरोबर उलट. तेव्हा जागा एकदा डिसेंबरात आणि एकदा मेमध्ये बघा. दोन्ही वेळी सहा तास थेट ऊन मिळत असेल तरच त्या जागेला बारमाही उन्हाची जागा म्हणावं. पश्चिमेच्या भिंतीलगतची जागा वेगळी मोजा. दुपारभर तापलेली भिंत रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडते. तिथे पेंटास कोमेजतो, पण कण्हेर आणि बोगनवेल खुशाल राहतात.

उन्हाने मरणारी झाडं थोडी, पाण्यात बसून मरणारी फार. देशावरची काळी माती पावसाळ्यात चिकट होऊन पाणी धरते आणि मुळं गुदमरतात. लागवडीआधी एक तपासणी करा. एक फूट खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि पट्टी लावून बघा. तासाला दोन ते पाच सेंटिमीटर पाणी उतरलं तर जमीन चांगली. सेंटिमीटरभरही उतरत नसेल तर खड्डे खणत बसू नका, २५ ते ३० सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा करा. चिकट मातीत घमेलंभर वाळू मिसळली की काम झालं, असा समज सगळीकडे आहे. एवढ्या वाळूने निचरा सुधारत नाही, उलट माती अधिक घट्ट बसते. काळ्या मातीला कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळ्याचं खत मोकळं करतं, आणि तेही दर वर्षी घालावं लागतं.

या तीन कसोट्यांवर आता एकेक झाड बघू.

सदाफुली मूळची मादागास्करची, पण आपल्याकडे दगडी फटीतसुद्धा रुजते. पूर्ण ऊन, कमी पाणी, ३० सेंटिमीटर अंतर. ती उन्हाळ्यात दगा देत नाही, जुलैत देते. जमिनीलगत खोड काळं पडतं आणि हिरवंगार झाड दोन दिवसांत मान टाकतं. ही बुरशीमुळे होणारी कूज आहे. असं झाड मुळासकट काढून टाका आणि त्या जागी लगेच सदाफुली लावू नका. दुसऱ्या वर्षानंतर खोड लाकडासारखं होतं, फुलं टोकाशीच येतात. तेव्हा बी पेरून नवी रोपं करावीत. या बियांना रुजायला अंधार लागतो, म्हणून वर अर्धा सेंटिमीटर माती हवीच.

जास्वंदीचं एक फूल बहुधा एकच दिवस टिकतं. म्हणजे रोज फूल हवं तर झाडावर सतत कळ्यांची रांग लागलेली हवी. देशी लाल एकेरी जास्वंद हे काम सगळ्यांत चोख करते. ताटलीएवढ्या फुलांच्या संकरित जाती देखण्या आहेत, पण कडक उन्हात त्या कळ्या टाकतात. कलमी रोप असेल तर कलमाच्या सांध्याखालून येणारा फुटवा दिसताच काढा, नाहीतर वर्षभरात खालचं झाड वरच्याला मागे टाकतं. दोन झाडांत सव्वा मीटर अंतर ठेवा. कळ्या पिवळ्या पडून गळत असतील तर आधी पाणी तपासा: एकदा कोरडं ठणठणीत, एकदा तुडुंब, असं होत असेल तर गळ होणारच. पाणी नीट असूनही गळ असेल तर एक कळी उभी चिरून बघा. आत बारीक फुलकिडे किंवा अळ्या दिसल्या तर गळलेल्या कळ्या रोज वेचून पिशवीत बांधून टाका. झाडाखाली ठेवल्या तर कीड मातीत उतरून पुन्हा वर येते.

निळा रंग उन्हातल्या बागेत दुर्मीळ आहे, म्हणून निळा चित्रक प्रत्येकाने लावावा असं माझं मत आहे. दक्षिण आफ्रिकेचं झुडूप, मीटरभर जागा घेतं, फांद्या ओघळून खाली येतात. न छाटता ठेवलं की गचपण होतं आणि फुलं फक्त बाहेरच्या कडेला उरतात. तगर आपल्या मातीतलीच; बुटकी तगर ४५ सेंटिमीटरवर लावली की छान कुंपण होतं, आणि संध्याकाळी उजेड कमी झाल्यावर बागेत तिचीच पांढरी फुलं दिसतात. पेंटासवर फुलपाखरं येतात; त्याला ऊन चालतं, पण माती सुकलेली चालत नाही. लाल चांदण्यांसारख्या फुलांचा जट्रोफा वर्षभर फुलतो आणि मागत काही नाही. कर्दळीला मात्र भरपूर खत आणि पाणी लागतं, आणि फुलून संपलेला दांडा जमिनीलगत कापावा लागतो, तेव्हाच बाजूचा कोंब जोर धरतो.

एक्झोरावर थोडं थांबतो, कारण देशावर त्याच्याइतकं निराश करणारं दुसरं झाड नाही. कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत तो लाल गुच्छांनी झाकून जातो. तोच चुनखडीच्या मातीत, बोअरच्या जड पाण्यावर लावला की कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक युरिया घालतात. पण इथे नत्राची कमतरता नसते. लोह मातीत असतं, विम्ल म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या मातीमुळे मुळांना ते उचलता येत नाही. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट आणि एक ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारलं की पंधरवड्यात नवी पानं हिरवी येतात. मातीतून चिलेटेड, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपातलं लोह द्यायचं तर ईडीडीएचए प्रकारचं घ्या; ईडीटीए प्रकार अशा मातीत टिकत नाही. हे सारखं करत राहणं जमणार नसेल तर देशावर एक्झोरा कुंडीतच लावा.

बोगनवेलीचा न्याय सगळ्यांहून निराळा. आपण ज्याला फूल म्हणतो ती रंगीत पानं आहेत, खरं फूल मधलं पांढरं, बारीक. पाणी आणि नत्र जास्त झालं की ती नुसती पालवते. कुंडीतल्या बोगनवेलीची पानं किंचित मलूल होईपर्यंत पाणी देऊ नका. पावसाळ्यात ती हिरवीच राहील, हे धरून चला.

आता छाटणी. बाग बारमाही फुलायची तर सगळ्यात जास्त लक्ष इथे द्यावं लागतं. नव्या फुटीवर फुलणारं झाड छाटलं की सदाफुलीला साधारण महिना-सव्वा महिना, चित्रकाला दीड-दोन महिने आणि जास्वंदीला दोन ते अडीच महिने लागतात पुन्हा कळीवर यायला. माळी वर्षातून एकदा येऊन एका सकाळी सगळं भादरून जातो आणि बाग दोन महिने मुकी होते. त्याऐवजी झाडाच्या फांद्यांचे मनातल्या मनात तीन वाटे करा. आज एक वाटा एक तृतीयांश लांबीने कापा, पाच आठवड्यांनी दुसरा, त्यानंतर पाच आठवड्यांनी तिसरा. मग पहिल्या वाट्यावर कळ्या येईपर्यंत तिसऱ्यावर फुलं असतात. जूनच्या सुरुवातीला आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात ही फेरी सुरू करावी. एप्रिल-मेमध्ये छाटू नका. उघडी पडलेली आतली खोडं उन्हाने भाजतात. काप बाहेरच्या बाजूला बघणाऱ्या डोळ्याच्या, म्हणजे फांदीवर कोंब फुटतो त्या जागेच्या, पाव इंच वर, तिरका.

खताचं प्रमाण साधं आहे. जमिनीतल्या प्रत्येक मोठ्या झुडपाला जूनमध्ये आणि ऑक्टोबरात दोन-दोन किलो कुजलेलं शेणखत, खोडापासून वीतभर लांब. कुंडीतल्या झाडांना पंधरा दिवसांतून एकदा १९:१९:१९ हे विद्राव्य खत, लिटरला तीन ग्रॅम, ओल्या मातीतच. झाड गर्द हिरवं, टवटवीत आणि बिनफुलांचं दिसत असेल तर खत बंद करा. पाणी रोज शिंपडण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी वीतभर खोल जाईल असं द्या. वरवरच्या पाण्याने मुळं वरच राहतात आणि मेमध्ये होरपळतात. कुंड्यांना उन्हाळ्यात रोज पाणी लागेल, तिथे इलाज नाही.

पिठ्या ढेकूण जास्वंदीवर येणारच. कापसासारखा पांढरा थर दिसला की ते शेंडे कापून पिशवीत बांधा, उरलेल्यांवर पाण्याचा जोरदार फवारा मारा, आणि मुंग्यांची वाट बंद करा, कारण त्यांच्या चिकट स्रावासाठी मुंग्या त्यांना जपतात आणि इकडून तिकडे नेतात. मग पाच मिलिलिटर कडुनिंब तेल आणि एक-दोन मिलिलिटर द्रव साबण लिटरभर पाण्यात मिसळून ऊन उतरल्यावर फवारा, आठवड्याने पुन्हा. भर उन्हात तेल फवारलं तर पानं जळतात.

प्रत्यक्ष वाफा आखायचा तर पूर्व-पश्चिम पाच मीटर लांब आणि दोन मीटर रुंद धरू. उंच झाडं उत्तरेच्या कडेला, म्हणजे हिवाळ्यात त्यांची सावली बाकीच्यांवर पडणार नाही. कडेपासून अर्धा मीटर सोडून तीन जास्वंदी आणि एक जट्रोफा. त्यापुढे ८० सेंटिमीटरवर दोन टोकांना दोन चित्रक आणि मध्ये सात पेंटास. सगळ्यांत पुढे सोळा सदाफुली. पहिल्या वर्षी मधे मोकळी जागा दिसेल. तिथे पालापाचोळ्याचं आच्छादन टाका, खोडाला न चिकटवता. गच्च दिसावं म्हणून आणखी रोपं कोंबलीत तर दुसऱ्या पावसाळ्यात वारा न खेळल्याने बुरशी धरेल.

दोन झाडं मी सुचवणार नाही, फुलं कितीही येत असली तरी. घाणेरी, म्हणजे लँटाना, आणि पिवळ्या घंटांचा टेकोमा. पहिलीची फळं पाखरं नेतात, दुसऱ्याचं बी वाऱ्यावर उडतं, आणि आपल्या टेकड्यांवर, माळांवर दोन्ही देशी झाडांची जागा बळकावतात. घराजवळ टेकडी असेल तर तर नकोच.

आणि कण्हेर, जट्रोफा, सदाफुली लावणाऱ्यांना एक सूचना. तिन्ही विषारी आहेत, कण्हेर सगळ्यांत जास्त. छाटलेल्या फांद्या गुरं चरतात तिथे टाकू नका, कण्हेरीच्या काटक्या चुलीत किंवा शेकोटीत घालू नका, आणि छाटणी झाल्यावर हात व कात्री साबणाने धुवा. घरात रांगतं मूल असेल तर कण्हेर सध्या राहू द्या. त्या जागी जास्वंद लावा.