दहा अंकांचा पत्ता

श्रोतेहो, आपल्या सोलापूरचा एसटीडी कोड ०२१७ आहे हे आपणा सर्वांना तोंडपाठ आहे. अक्कलकोटचा ०२१८१, बार्शीचा ०२१८४ आणि पंढरपूरचा ०२१८६. जिल्ह्याच्या शहराचा कोड आखूड आणि तालुक्याच्या गावांचे लांब, असे का, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला तरी देशाच्या क्रमांकरचनेचे सारे मर्म त्यात आहे.

सुरुवातीचे शून्य क्षणभर बाजूला ठेवू. सोलापूरच्या कोडचे अंक तीन आणि घरच्या दूरध्वनीचे सात. पंढरपूरचे चार आणि सहा. मुंबईचे दोन आणि आठ. बेरीज सगळीकडे दहाच येते. स्थानिक क्रमांक शून्याने किंवा एकाने सुरू करता येत नाही, कारण शून्य परगावच्या संपर्कासाठी आणि एक हा अंक १००, १०१, १०८, ११२ यांसारख्या सेवांसाठी राखलेला आहे. म्हणून मुंबईला फार तर आठ कोटी, सोलापूरला ऐंशी लाख आणि पंढरपूरला आठ लाख क्रमांकांची जागा उरते. जिथे माणसे अधिक, तिथे कोड आखूड, असा हा हिशेब आहे.

मात्र आखूड कोडची किंमत मोठी असते. एक्स्चेंज अंक डावीकडून एकेक वाचत जाते आणि कोड कुठे संपला हे सांगणारे कोणतेही चिन्ह मध्ये नसते. त्यामुळे एक पूर्ण कोड दुसऱ्या कोडची सुरुवात असून चालत नाही. २२ मुंबईला दिल्यावर २२१, २२२ असे कोड कोणालाच देता येत नाहीत. २१७ सोलापूरने घेतला, म्हणून तो तिथेच थांबतो. २१८ मात्र कोणत्याही एका गावाला न देता पुढच्या अंकाने अक्कलकोट, बार्शी, पंढरपूर अशा गावांत वाटला गेला. ही वाटणी मला फार सुंदर वाटते. तिच्यात प्रदेशही दिसतो: पुणे, कोल्हापूर, नाशिक दोनाच्या घरात आहेत, नागपूर सातच्या, आणि आपल्या सीमेपलीकडचे विजयपूर व कलबुर्गी आठच्या.

भारतात १९६० साली कानपूर आणि लखनौ यांच्यात थेट परगावी फोन लावण्याची सोय प्रथम झाली. तोपर्यंत ट्रंक कॉल नोंदवून ताटकळत बसावे लागे, आणि ऑपरेटर जे काम करी तेच पुढे या अंकांवर आले. मोबाइलच्या दहा अंकांतून मात्र गाव कळत नाही, आणि २०११ पासून क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागल्याने सुरुवातीच्या अंकांवरून कंपनीही खात्रीने सांगता येत नाही. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावे लागते. त्या शून्यामुळे पुढचे अंक स्थानिक नाहीत हे एक्स्चेंजला पहिल्याच अंकात समजते.

आता बाजूला ठेवलेल्या शून्याकडे वळू. ते कोडचा भाग नाही, देशातल्या देशात बाहेरगावी जाण्याचा तो दरवाजा आहे. परदेशातून येणारा फोन ९१ या देशाच्या अंकांनी आधीच आत आलेला असतो, त्याला त्या दरवाजाची गरज नसते. चादरींचा माल बाहेरदेशी पाठवणाऱ्या व्यापाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की पाटीवर आणि बिलावर +९१ ०२१७ असे न छापता +९१ २१७ असे छापावे, कारण मधले शून्य जसेच्या तसे दाबणाऱ्या परदेशी ग्राहकाचा फोन लागेलच, याचा भरवसा नाही.