नदीची सगळ्यात वाईट रात्र

श्रोतेहो, नमस्कार.

पवना, मुळा, इंद्रायणी सुधारतायत का, असं विचारलं की उत्तरात सरासरीचे आकडे येतात. पण मासा सरासरीवर जगत नाही. म्हणून आज मी नदीच्या सगळ्यात वाईट रात्रीबद्दल बोलणार आहे.

पंचवीस अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे साधारण 8 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. माशांसाठी तो किमान 4 हवा, असा आपल्याकडचा निकष आहे. सांडपाण्यातली सेंद्रिय घाण खाणारे जिवाणू हाच प्राणवायू वापरतात. रात्री पाण्यातलं शेवाळ प्राणवायू तयार करत नाही, उलट वापरतं. त्यामुळे पहाटे तो सगळ्यात कमी असतो. उन्हाळ्यात धार बारीक असते, पाणी कोमट असतं, आणि अशा वेळी कुणी अंधारात सांडपाण्याचा टँकर नाल्यात रिकामा केला, तर ज्यांनी महिनाभर नेमाने शुद्धीकरण केलं त्यांचीही मेहनत पाण्यात जाते.

घरगुती मैलापाणी कारखान्यांच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, हे खरंच. तरीही कारखान्याच्या पाण्याकडे वेगळं लक्ष हवं, कारण त्यात विष असतं. पिंपरी, भोसरी, चाकण हा यंत्रांचा आणि सुट्या भागांचा पट्टा. तिथल्या प्लेटिंगच्या, म्हणजे धातूचा मुलामा देण्याच्या कामातल्या, पाण्यात क्रोमियम, निकेल असतं. सहा संयुजेचं क्रोमियम, म्हणजे त्याचं जास्त विषारी रूप, आधी कमी विषारी रूपात आणावं लागतं, मग चुना घालून गाळात बसवावं लागतं, आणि हे त्या वर्कशॉपमध्येच व्हायला हवं. तसंच सोडलं तर मैलाशुद्धीकरण केंद्रात घाण खाऊन पाणी शुद्ध करणारे जिवाणू मरतात, आणि मग शहराचं घरगुती पाणीही अर्धवट शुद्ध होऊन नदीत येतं. मला हा सगळ्यात मोठा धोका वाटतो.

पाणी सतत चांगलं राहिलं, तर पहिला बदल तळाशी दिसतो. घाणीत तग धरणाऱ्या लाल अळ्या कमी होतात. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या कमी प्राणवायूतही जगतात. त्यांच्या जागी गोगलगायी, चतुरांची पिल्लं आणि पुढे मेफ्लाय नावाच्या उडणाऱ्या किड्याच्या अळ्या येतात. मेफ्लायची अळी पाण्यात कित्येक आठवडे, काही जातींत कित्येक महिने काढते. तपासणीसाठी एका दुपारी भरलेल्या पाण्याच्या बाटलीपेक्षा माझा तिच्यावर जास्त विश्वास आहे, कारण त्या सगळ्या रात्री तिने पाण्यातच काढलेल्या असतात. किडे आले की ते खाणारे मासे टिकतात, आणि मासे टिकले की खंड्या येतो.

गाळात बसलेले धातू मात्र लवकर जात नाहीत. पुरात ते उसळतात आणि मुळा-मुठेतून भीमेत, तिथून उजनीच्या जलाशयाकडे सरकतात. म्हणून नवा धातू आजच थांबवायला हवा.

रात्रपाळीला ईटीपी, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणारा प्लँट, सांभाळणारे बरेचजण आत्ता ऐकत असतील. भाऊ, ताई, वीज वाचवायला एरेशनचा, म्हणजे पाण्यात हवा सोडणारा, ब्लोअर बंद करा असं कुणी सांगितलं, तर करू नका. प्लँट बिघडला तर पाणी साठवणटाकीत अडवा, लॉगबुकात वेळ लिहा, वरिष्ठांना उठवा. टाकी भरत आली तर उत्पादन थांबवायला सांगा. पाणी शुद्ध न करताच बाहेर सोडणारा बायपासचा व्हॉल्व्ह उघडू नका.

नमस्कार.