हातोडा बाजूला ठेवल्यावर

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत सकाळ होते ती हातोड्यांच्या आवाजाने. तांब्याच्या पत्र्यावर हातोड्याचे ठोके एकसारख्या अंतराने, एकाला लागून एक बसवत नेण्याच्या या कामाला मठारकाम म्हणतात. ठोक्यागणिक भांड्याला चकाकी येते आणि पत्रा घट्ट होतो. तो फार कडक झाला, की भट्टीत तापवून मऊ करावा लागतो आणि मग पुन्हा ठोकणे सुरू होते. पेशवाईत येथे वसलेल्या तांबटांनी बंब, घंगाळी, हंडे आणि कळश्या घडवल्या. घरोघरी स्टील आणि गीझर आले, तशी ही मागणी ओसरली.

मी या आळीत येतो तो माणसांची व्यक्तिचित्रे टिपण्यासाठी. कॅमेरा येथे नवा नाही. जुने पुणे पाहायला येणारे पाहुणे वर उचललेला हातोडा, भट्टीचा जाळ आणि घामाने चमकणारा दंड टिपून घेतात. ती छायाचित्रे देखणी असतात, परंतु माझ्या मते ती कामाची छायाचित्रे आहेत, माणसाची नव्हेत. आपल्या देशात कॅमेऱ्याला ही सवय फार लवकर लागली. १८६८ ते १८७५ या काळात ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातील लोकांच्या छायाचित्रांचे आठ खंड प्रसिद्ध केले, तेव्हा समोर उभ्या असलेल्या व्यक्तीपेक्षा तिची जात, जमात आणि धंदा यांची नोंद महत्त्वाची ठरली होती. चेहरा होता, पण तो नमुना म्हणून होता.

म्हणून मी बसणाऱ्या व्यक्तीला आधी एकच प्रश्न विचारतो: तुम्हाला स्वतःला कसे पाहायला आवडेल?

आज चित्रासाठी बसणारे तांबट काका आधी आत गेले, ते शर्ट बदलायला. त्यांनी पांढरा, इस्त्रीचा शर्ट घातला, केस विंचरले, चष्मा काढून खिशात ठेवला आणि हातोडा स्वतःच उचलून चौकटीबाहेर नेला. नंतर ते स्टुलावर ताठ बसले, दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले आणि त्यांनी सरळ भिंगाकडे पाहिले. छायाचित्रणाच्या शिक्षणात अशा बसण्याला अवघडलेपण म्हणतात आणि माणसाला बोलते करून ते घालवायला शिकवतात. मला ते पटत नाही. लक्ष्मी रस्त्यावरच्या जुन्या स्टुडिओंत, रंगवलेल्या पडद्यासमोर, आपले आजी-आजोबा असेच बसले. आपले छायाचित्र पुढे कोणत्या भिंतीवर जाणार आहे, हे त्यांना ठाऊक होते; काकांनाही ते ठाऊक आहे.

कॅमेरा चार बाय पाच इंचांच्या फिल्मचा आहे. काळ्या कापडाखाली डोके घातले, की मागच्या दुधी काचेवर काका उलटे दिसतात, डोके खाली आणि पाय वर. या उलट्या प्रतिमेचा मला उपयोग होतो, कारण ओळखीचा चेहरा क्षणभर अनोळखी होतो आणि कपाळाची उतरण, डाव्या भुवईतली खूण, मानेची शीर हे सारे प्रथमच नजरेत भरते. भिंगाचे नाभीय अंतर २१० मिलिमीटर, म्हणजे नेहमीपेक्षा जरा जास्त आहे. त्यामुळे मला थोडे दूर उभे राहता येते आणि जवळून टिपताना नाक जसे मोठे दिसते, तसे येथे दिसत नाही. प्रकाश फक्त दाराचा. त्यात अर्ध्या ते एका सेकंदाचा अवधी द्यावा लागतो, आणि तेवढा वेळ काकांनी स्थिर राहायचे ठरवल्याशिवाय हे चित्र होतच नाही. या ठरवण्यात माझ्याइतकाच त्यांचा वाटा आहे.

एका तांत्रिक गोष्टीबद्दल मी आग्रही आहे. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरची प्रत्येक वस्तू मध्यम करड्या छटेची आहे असे गृहीत धरतो, त्यामुळे सावळा चेहरा चौकट भरून आला की तो त्याला उजळवू पाहतो. त्यातही उणीव राहिली, तर जुने कारागीर निगेटिव्हवर अणकुचीदार पेन्सिल चालवत. पेन्सिल जेथे फिरे, तेथे छपाईत त्वचा गोरी आणि सुरकुती फिकट होई. त्या हातांच्या कौशल्याचा मी आदर करतो. पण मी हातातला सुटा मापक काकांच्या गालाजवळ धरून त्यांच्यावर पडणारा प्रकाश मोजतो आणि त्यांचा वर्ण त्यांचाच ठेवतो.

आता छपाईच्या अंधाऱ्या खोलीतला हा लाल दिवा. निगेटिव्हमधून प्रकाश दिलेला, पण अजून कोरा दिसणारा कागद डेव्हलपरमध्ये, म्हणजे प्रतिमा उमटवणाऱ्या द्रावणात सोडला, की आधी शर्टाची घडी आणि केसांची कड उमटते. डोळे भरायला वेळ लागतो. मग प्रतिमा पक्की करणारे हायपो, मग वाहत्या पाण्यात दीर्घकाळ धुणे.

प्रत सर्वांत आधी काकांच्या हाती जाते. ती पाहून ते म्हणाले, “हा मी नाही वाटत.” असे बहुतेक जण म्हणतात, आणि त्याचे कारण साधे आहे: आपला चेहरा आपण जन्मभर आरशात पाहतो, म्हणजे डावे-उजवे बदललेला पाहतो, आणि छायाचित्र मात्र जगाला दिसणारा चेहरा दाखवते. १८३९ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेंच संशोधक दागेर यांची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली, तेव्हा प्रतिमा चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटत असे, आणि ती आरशासारखीच डावी-उजवी बदललेली असे. त्या काळी बसणाऱ्याला स्वतःची ओळख अधिक सहज पटली असावी. हे सांगितल्यावर काकांनी तांब्याचे तेवढे ऐकून घेतले आणि पत्रा किती जाड होता, एवढेच विचारले.

चित्राखाली काय लिहायचे, हेही मी ठरवत नाही. प्रत्येकाला पेन्सिल देतो आणि प्रतीच्या मागे त्यांच्याच हाताने लिहून घेतो. कोणी नुसते नाव लिहिते, कोणी वडिलांच्या नावासह, कोणी आपल्या भजनी मंडळाचे नावही लिहिते. त्यांनी होकार दिल्याखेरीज चित्र आळीबाहेर जात नाही.

पुढची बैठक काकांच्या सूनबाईंची आहे. त्या भांड्यांना चिंच लावून उजळण्याचे काम करतात. त्यांनी आधीच कळवले आहे, की त्यांना उभे राहून चित्र हवे आहे आणि मागे भांडी नकोत.