निळ्या ढिगाचा दाणा

रुग्णालयात वापरलेल्या मास्कचा हा ढीग कापडाचा वाटतो, पण यात सुताचा एक धागा नाही. सर्जिकल मास्कचे तिन्ही थर पॉलिप्रॉपिलीनचे, म्हणजे निव्वळ प्लास्टिक. साधारण 160 ते 165 अंश सेल्सिअसला ते वितळतं आणि पुन्हा साच्यात घालता येतं.

त्याआधी जंतू मारायला ही वाफ. 121 अंश तापमान, 15 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब, किमान 60 मिनिटं. पिशव्या ठासून भरल्या की आतली हवा अडून बसते आणि वाफ मधोमध पोचतच नाही. बाहेर लावलेल्या, उष्णता लागल्याची खूण देणाऱ्या पट्टीचा रंग तरीही बदलतो! म्हणून पिशवीच्या पोटात जिवाणूंच्या बीजाणूंची कुपी ठेवायची. ते मेले, तरच माल पुढे सोडायचा.

आता कात्री पाहा. कानाला अडकवायचे दोन्ही बंद मुळाशी कापले, मग नाकावरची तार ओढून काढली. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळलं की यंत्र सूड घेतं. नायलॉन-स्पॅन्डेक्सचा, म्हणजे ताणणाऱ्या धाग्याचा बंद श्रेडरच्या (तुकडे करणाऱ्या यंत्राच्या) दांड्याभोवती गुंडाळत जातो. लोखंडी तार चुंबकाला सापडते, ॲल्युमिनियमची सापडत नाही आणि पात्यांची धार घालवते.

श्रेडरमधून पडतोय तो माल कापसासारखा हलका. एक्स्ट्रूडर म्हणजे प्लास्टिक वितळवून दाणे करणारं यंत्र. त्याच्या हॉपरमध्ये, म्हणजे वरच्या नरसाळ्यात, माल तसाच ओतला तर तोंडाशी कमान धरून अडकतो आणि खाली माल पुढे ढकलणारा स्क्रू रिकामा फिरतो. म्हणून घर्षणाच्या उष्णतेने आधी त्याच्या गुठळ्या करायच्या, त्या पूर्ण वाळवायच्या. वाफेची ओल राहिली की दाण्यात बुडबुडे आलेच. मास्कचा मधला, गाळणीचा थर वितळल्यावर फारच पातळ वाहतो, त्याचा दाणा ठिसूळ होतो. त्यात घट्ट वाहणारं पॉलिप्रॉपिलीन मिसळावं लागतं. मग हा असा निळसर दाणा मिळतो. यातून फळ्या, कचरापेट्या होतात. अन्नपाण्याची भांडी मात्र कधीही नाहीत.

मास्कचे तुकडे रस्त्याखालीही जाऊ शकतात. ऑस्ट्रेलियातल्या आरएमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी 2021 मध्ये ते काँक्रीटच्या राडारोड्यात मिसळून पाहिले. त्यांच्या हिशेबाने एक किलोमीटर दुपदरी रस्त्यात 30 लाख मास्क मावतात.

मार्च 2020 ते नोव्हेंबर 2021 या काळात संयुक्त राष्ट्रांच्या एका उपक्रमातून मास्क, हातमोजे असं सुमारे 87,000 टन संरक्षक साहित्य खरेदी झालं. त्यातलं बहुतेक कचऱ्यात गेलं असणार, असं जागतिक आरोग्य संघटनेने नोंदवलं आहे.

आणि या सगळ्याचा निकाल यंत्राजवळ लागत नाही, वॉर्डातल्या पिशवीपाशी, कचरा वेगळा करतानाच लागतो. नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) हातमोजे वितळत नाहीत, ते यंत्रातली वितळलेलं प्लास्टिक गाळायची जाळी तुंबवतात. पीव्हीसी या क्लोरीन असलेल्या प्लास्टिकची सलाइनची नळी त्याहून वाईट. एक्स्ट्रूडरच्या उष्णतेत तिच्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, यंत्राचं लोखंड खातो आणि कामगाराच्या छातीत जातो. एक सुई दिसली, तर अख्खी पिशवी बाजूला काढायची. ती कात्रीच्या टेबलावर आणायचीच नाही.