भांड्यावरचं नाव

परवा तुम्हा फिल्म शिकणाऱ्यांतल्या एका गटाने मला प्रॉप्सची, म्हणजे सीनमध्ये वापरायच्या वस्तूंची, यादी दाखवली. जुना डबा, जुनी ट्रंक, जुनं कॅलेंडर. म्हटलं, जुनं म्हणजे कधीचं? आणि कोणाच्या घरातलं? एवढं ठरलेलं नसेल तर पुण्याच्या जुन्या बाजारात दिवसभर फिरूनही हाती काही लागणार नाही.

माझ्या विद्यार्थिदशेतली गोष्ट सांगतो. फिल्म १९७८ सालात घडत होती. नवरा गेलेली बाई त्याचे शर्ट बोहारणीला देते आणि बदल्यात स्टीलचा डबा घेते. डबा मी घरूनच नेला. चांगला वापरातला होता, म्हणून मला आवडला होता. एडिटिंगला बसलो तेव्हा क्लोजअपमध्ये झाकणावरची अक्षरं दिसली. माझ्या मावशीचं नाव आणि खाली तारीख, १९९४ची.

साल चुकलं हे कोणालाही कळलं असतं. मला जास्त लागलं ते दुसरंच. बोहारणीकडून आलेल्या डब्यावर नाव असेलच कसं? आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात ते लग्नात, बारशाला, वास्तुशांतीला, कोणी कोणाला दिलं हे राहावं म्हणून. हा डबा तर त्या बाईला कोणीच दिलेला नव्हता.

सीन पुन्हा शूट केला. मांडणीवरची सगळी भांडी नावांची ठेवली आणि त्यांत तो एकच डबा कोरा. बाई तो पुसते, जागेवर ठेवते. आधी तिथे तिला दोन वाक्यं होती, ती काढून टाकली.

म्हणून वस्तू निवडताना ती घरात कुठून आली हे आधी विचारा, कशी दिसते हे नंतर. ट्रंक माहेरची असेल तर बाई ती वेगळ्या हाताने उघडते. नटाला ती वस्तू तालमीपासूनच द्या, शूटिंगच्या सकाळी नको. आणि रिकामी ट्रंक, रिकामा कप कधीही देऊ नका. ट्रंकेत जुनी वर्तमानपत्रं भरा, कपात निदान पाणी घाला. वजन नसलं की मनगट खोटं बोलतं आणि कॅमेऱ्याला ते लगेच दिसतं.

सालाचं भान मात्र सुटू देऊ नका. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला, त्याआधीच्या पाकिटावर तो नको. रुपयाचं आजचं चिन्ह २०१०चं, तेव्हा नव्वदच्या दशकातल्या दुकानाच्या पाटीवर 'रु.'च लिहा. कॅलेंडरचं जरा अवघड असतं. १९७८चे आणि २०२३चे तारीख-वार तंतोतंत जुळतात, त्यामुळे जुन्याऐवजी नवं टांगायचा मोह होतो. पण २०२३मध्ये अधिक श्रावण होता, गणपती १९ सप्टेंबरला आले. तिथ्या आणि सण जुळत नाहीत. कॅलेंडर जवळून दिसणार असेल तर त्या सालचं पंचांग बघून पान छापून घ्या.

पैशांचं म्हणाल, तर निम्म्याहून जास्त वस्तू आजी, आत्या, शेजारच्या काकू यांच्याकडेच मिळतात. मागायला जाल तेव्हा बसा, चहा घ्या, त्या वस्तूची हकिकत ऐका. कित्येकदा ती आपल्या पटकथेपेक्षा चांगली असते. वस्तू नेताना फोटो काढा, वहीत कोणाची, कधी नेली, कुठे पोचा आहे ते लिहा. सेटवर फुटणार असेल अशी वस्तू उसनी आणूच नका, ती विकत घ्या आणि दोन घ्या.

तो डबा मी घासूनपुसून मावशीला दाखवायला नेला. तिने झाकणावरून अंगठा फिरवला आणि कोणाच्या बारशाला मिळाला होता ते सांगत बसली.