बिळापाशी बसलेली मांजर

मंडळी, आज ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान या तीन घरांतल्या ध्यानाबद्दल बोलायचं आहे. सापापासून सुरुवात करतो.

मिश्ना हा ज्यूंचा धर्मशास्त्रग्रंथ इसवी सन 200च्या सुमारास सिद्ध झाला. त्यातल्या प्रार्थनेच्या प्रकरणात एक जुनी आठवण सांगितली आहे. पूर्वीचे भाविक लोक प्रार्थनेआधी तासभर नुसते बसून राहत, मन देवाकडे लागावं म्हणून. आणि लगेच पुढे म्हटलंय की एकदा प्रार्थनेला उभं राहिलं की राजाने क्षेमकुशल विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही, टाचेला सापाने विळखा घातला तरी थांबायचं नाही.

आता दुसरा साप. चौथ्या शतकाच्या अखेरीस इजिप्तच्या वाळवंटात इव्हाग्रियस नावाचा ख्रिस्ती तपस्वी राहत होता. त्याने प्रार्थनेवर छोटीछोटी वचनं लिहून ठेवली आहेत. त्यात एका साधूची गोष्ट आहे. हात वर करून प्रार्थना चाललेली, आणि पायाला विषारी साप चिकटला. रोजची प्रार्थना पुरी होईपर्यंत त्या माणसाने हात खाली आणले नाहीत. काही इजा झाली नाही, असंही तो सांगतो.

तिसरी गोष्ट बसऱ्याची. मुस्लिम इब्न यसार नावाचा एक भाविक मशिदीत नमाज पढत होता आणि इमारतीचा एक भाग कोसळला. गाव गोळा झालं, आरडाओरड झाली. याला नमाज संपेपर्यंत पत्ता नाही. इथे साप नाही, इमारत आहे. तेवढी सूट मला द्या.

अशा गोष्टी ऐकल्या की आपण माना डोलावतो. पण या परंपरांमधले शास्त्री व्यवहारी होते. तल्मूद म्हणजे मिश्नावरच्या चर्चेचा ग्रंथ, त्यात त्या सापाच्या वाक्यावर चर्चा आहे. एक पंडित म्हणतो, हा नियम सापापुरता; विंचू असेल तर प्रार्थना थांबवावी. आणि हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, तर स्पष्ट आज्ञाच आहे की नमाजात असलात तरी साप आणि विंचू मारा. मला हे फार आवडतं. एकीकडे एकाग्रतेची पराकाष्ठा सांगायची आणि दुसरीकडे विंचवाची सोय करून ठेवायची. तल्मूदात आणखी एक हिशेब आहे. आधी एक तास बसणं, तासभर प्रार्थना, नंतर पुन्हा एक तास, आणि हे दिवसातून तीनदा. म्हणजे नऊ तास झाले. मग ही माणसं अभ्यास कधी करत, पोटापाण्याचं काय करत, असा प्रश्न तिथेच विचारलाय. उत्तर असं की ते भाविक होते म्हणून त्यांचा अभ्यास टिकला आणि कामाला बरकत आली. हे उत्तर मला फारसं पटत नाही, पण प्रश्न विचारला गेला हे महत्त्वाचं.

तर या तीन माणसांचं नेमकं काय चाललं होतं? ध्यान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मिटलेले डोळे आणि विचारांनी रिकामं झालेलं मन येतं. ते चित्र थोडा वेळ बाजूला ठेवा, कारण या तिन्ही घरांत ध्यान तोंडातून सुरू होतं.

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं पहिलंच स्तोत्र घ्या. नीतिमान माणूस रात्रंदिवस देवाच्या नियमशास्त्राचं मनन करतो, असं भाषांतरात वाचायला मिळतं. मूळ हिब्रू क्रियापद आहे ‘येह्गे’. हेच क्रियापद बायबलमधल्याच यशयाच्या पुस्तकात प्राण्यापक्ष्यांसाठीही आलंय. कुठे शिकारीवर बसून गुरगुरणाऱ्या सिंहासाठी, तर कुठे घुमणाऱ्या पारव्यासाठी. म्हणजे ‘मनन’ हा शब्द जरा फारच सोवळा झाला. तो माणूस पुटपुटतोय. ओठ हलताहेत, घशातून आवाज येतोय. पुढे या शब्दासाठी लॅटिनमध्ये ‘मेदितातियो’च्या कुळातला शब्द वापरला गेला आणि ख्रिस्ती मठांमध्ये त्याचा अर्थही हाच राहिला. वचन तोंडात घोळवत राहायचं. तिथले साधू याला गाईची उपमा देत. आपल्याकडे शब्द तयारच आहे, रवंथ.

अरबीत ‘झिक्र’. त्याचे दोन अर्थ एकाच वेळी चालतात, आठवण ठेवणं आणि उच्चार करणं. हिब्रूतलं ‘झाखोर’, म्हणजे ‘लक्षात ठेव’, त्याच धातूचं. सिरियाक ही पूर्वेकडच्या ख्रिस्ती लोकांची भाषा, तिच्यात ‘दुख्राना’, तेही तिथूनच आलेलं. तिघांची भावकी आधी अशी भाषेतच दिसते, तत्त्वज्ञान नंतर. आणि जवळचा मराठी शब्द विचाराल तर मी ‘ध्यान’ म्हणणार नाही, ‘नामस्मरण’ म्हणेन.

मग काय आठवायचं, कोणतं वचन घोळवायचं? जॉन कॅशियन नावाचा ख्रिस्ती साधू, साधारण 360 ते 435 हा त्याचा काळ. तो इजिप्तमध्ये आयझॅक नावाच्या वृद्ध साधूकडे गेला आणि सतत प्रार्थना कशी करायची ते सांगा म्हणाला. म्हाताऱ्याने एकच ओळ दिली. ‘देवा, माझ्या मदतीला ये, प्रभू, मला साहाय्य करायला त्वरा कर.’ जेवताना, चालताना, झोप येत नसताना, रागाने डोकं तापलेलं असताना, हीच ओळ. ही ओळ सत्तराव्या स्तोत्राची सुरुवात आहे. म्हणजे ख्रिस्ती साधूच्या तोंडात ज्यूंचंच स्तोत्र होतं, आणि त्या दोघांना त्यात काही देवाणघेवाण झाली असं वाटलंही नसेल. घरातलंच भांडं.

ज्यू माणूस ‘शेमा’ ही रोजची प्रार्थना म्हणताना उजवा हात डोळ्यांवर ठेवतो. ‘ऐक, इस्राएला, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एक.’ शेवटचा शब्द ‘एखाद’, म्हणजे ‘एक’. तो लांबवावा असं तल्मूद सांगतो, जो लांबवील त्याचं आयुष्य लांबेल. एका शब्दावर, खरं तर त्याच्या शेवटच्या अक्षरावर, थांबून राहायचं. सूफी ‘ला इलाह इल्लल्लाह’ म्हणतो तेव्हा पहिल्या अर्ध्यात नकार असतो आणि दुसऱ्या अर्ध्यात होकार. कित्येक पंथांमध्ये त्याला श्वासाची जोड देतात. नक्शबंदी परंपरेतलं एक सूत्रच आहे, ‘होश दर दम’, श्वासाश्वासाला जाग. पूर्वेकडच्या ख्रिस्ती मठांमध्ये ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ ही प्रार्थना श्वासाच्या लयीत बसवली. हातात लोकरीच्या दोऱ्याची गाठी मारलेली माळ. सूफीच्या हातात 99 किंवा 33 मण्यांची तसबीह. बोटांना काम दिलं की मन थोडं कमी भटकतं, हे या सगळ्यांना अनुभवातून कळलेलं होतं.

पण जप हा अर्धाच भाग झाला. दुसरा अर्धा भाग पहाऱ्याचा, आणि इथे ती मांजर येते.

इमाम ग़ज़ाली, 1058 ते 1111. त्यांच्या ‘इह्या उलूमुद्दीन’ या मोठ्या ग्रंथात ‘मुराक़बा’ या विषयावर स्वतंत्र प्रकरण आहे. मुराक़बा म्हणजे नजर ठेवणं, पाळत ठेवणं. त्यात ते दोन सूफींची गोष्ट सांगतात. शिब्ली एकदा अबुल हुसैन नूरींकडे गेले. नूरी इतके स्थिर बसलेले की अंगाचा कोणताही भाग हलत नव्हता. शिब्लींनी विचारलं, हे कुणाकडून शिकलात? नूरी म्हणाले, आमच्याकडे एक मांजर होती. शिकार हवी असली की बिळापाशी बसून राहायची आणि तिच्या अंगावरचा केसही हलायचा नाही.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा हसलो. नंतर एक मांजर खरंच बराच वेळ बघत बसलो. ती डोळे मिटत नाही. अंग सैल नसतं आणि ताठरही नसतं. कान मात्र फिरत असतात. तिला आपण शांतता म्हणतो, पण ती बाहेरून दिसणारी शांतता. आत सगळं लक्ष एका काळ्या भोकावर लागलेलं. ग्रीक साधूंच्या भाषेत याला ‘नेप्सिस’ म्हणतात. शब्दशः अर्थ, नशेत नसणं. मनाच्या दाराशी बसायचं आणि प्रत्येक विचार आत शिरण्याआधी त्याला विचारायचं, तू कोण? सकाळी डुलकी काढत बसणाऱ्यांनी, त्यात मीही आलो, हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

आता इथवरचं ऐकून कुणी म्हणेल, हे योगायोगाने सारखं झालं असेल, माणसाचं मन सगळीकडे सारखंच. काही अंशी तसं असेलही. पण एक ठिकाण असं आहे जिथे आपण देवाणघेवाण कागदावर पाहू शकतो. ते म्हणजे जुनं कैरो.

मायमोनिडीस या ज्यू तत्त्वज्ञाचं नाव पुष्कळांनी ऐकलेलं असतं. त्याचा मुलगा अब्राहाम, जन्म 1186. वडील 1204 साली वारले आणि अठराव्या वर्षी इजिप्तमधल्या ज्यूंचं पुढारीपण याच्याकडे आलं. राजवैद्यकी होती, न्यायनिवाडा होता, पत्रव्यवहार होता. त्यातून वेळ काढून त्याने अरबी भाषेत आणि हिब्रू लिपीत साधनेवर प्रचंड ग्रंथ लिहिला. त्यात तो सरळ सांगतो की इस्राएलच्या संदेष्ट्यांची वाट आपण विसरलो आणि सूफींनी ती जपली. एलीया या संदेष्ट्याने आपल्या शिष्यावर, अलीशावर झगा टाकला, तसं सूफी गुरू शिष्याला अंगरखा देतो, बघा. एकांत, अंधाऱ्या खोलीत बसणं, रात्री जागणं, हे सगळं मूळचं आपलं. मग त्याने प्रार्थनेत बदल केले. पाय धुणं, गुडघे टेकणं, जमिनीवर डोकं टेकणं, हात पसरणं, रांगेत बसणं.

हे तुमच्या डोळ्यांसमोर आणा. बाहेरून आलेल्या माणसाला हे ज्यूंचं सभास्थान वाटलं असतं की मशीद? समाजातल्या काहींना तोच प्रश्न पडला, आणि त्यांनी सुलतान अल-आदिलकडे तक्रार केली. तक्रार कोणत्या शब्दात, तर हा माणूस ‘बिदअत’ करतोय, धर्मात नवं काही घुसवतोय. बिदअत हा इस्लामी शब्द. म्हणजे ज्यूंनी मुसलमान सुलतानाकडे जाऊन गाऱ्हाणं घातलं की आमचा पुढारी फार मुसलमानी वागतो, आणि गाऱ्हाणं मांडलं मुसलमानी शब्दात. अब्राहामचं म्हणणं, हे माझ्या खाजगी प्रार्थनाघरात चालतं, कुणावर सक्ती नाही.

त्याच जुन्या कैरोत, म्हणजे फुस्तातमध्ये, बेन एझ्रा सभास्थानात जुने कागद टाकायची खोली होती, गेनिझा. देवाचं नाव असलेला कागद फाडून टाकायचा नसतो, म्हणून शतकानुशतकं साठत गेलेला ढीग. सॉलोमन शेख्टर या अभ्यासकाने 1896-97 साली त्यातले सुमारे 1,93,000 तुकडे केंब्रिजला नेले. त्यांत हल्लाज या सूफीच्या कविता सापडल्या, ग़ज़ालींचा मजकूर सापडला, आणि तोही हिब्रू अक्षरांत उतरवलेला. कुणीतरी ज्यू माणूस बसून तो मजकूर नकलून काढत होता, आपल्याला वाचायला.

अब्राहामला जे ऐकून घ्यावं लागलं ते इतरांनाही लागलं. ग्रीक साधू मान खाली घालून, नजर छाती-पोटाकडे लावून प्रार्थना करत, तर बार्लाम नावाच्या पंडिताने त्यांना नाव ठेवलं, ज्यांचा आत्मा बेंबीत आहे असे लोक. ग्रेगरी पालामास या साधूने त्यांची बाजू लढवली आणि 1341 साली कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेने साधूंच्या बाजूने कौल दिला. अलीकडचं उदाहरण जॉन मेन या ख्रिस्ती साधूंचं. 1950च्या दशकात ते मलायात ब्रिटिश सरकारच्या नोकरीत होते, तिथे स्वामी सत्यानंद नावाच्या हिंदू संन्याशाकडून मंत्र घेऊन बसायला शिकले. 1959 साली बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती संप्रदायाच्या मठात गेले, तर तिथे सांगितलं गेलं, हे सोडा, हे ख्रिस्ती नव्हे. त्यांनी सोडलं. बऱ्याच वर्षांनी कॅशियन वाचला आणि त्या म्हाताऱ्या आयझॅकची एक ओळ सापडली. जे परकं म्हणून टाकायला लावलं होतं ते पंधराशे वर्षं घरातच होतं.

म्हणून सगळं एकच, असं म्हणायला मी तयार नाही. ती येशूची प्रार्थना पुन्हा आठवा. ‘देवाच्या पुत्रा’ हे शब्द ज्यू म्हणू शकत नाही, मुसलमान म्हणू शकत नाही. आणि ख्रिस्ती साधूने ते गाळले तर त्याच्या प्रार्थनेत उरलं काय? मी एकदा तिन्ही धर्मांच्या लोकांबरोबर ध्यानाला बसलो होतो. संयोजक सज्जन होते. कुणी दुखावू नये म्हणून त्यांनी सगळ्यांना एकच शब्द दिला, ‘शांती’. वीस मिनिटं झाली. नंतर एक वयस्कर मुस्लिम बाई म्हणाल्या, मी पन्नास वर्षं ज्याचं नाव घेते त्याला आज बाहेर चपलांपाशी ठेवून आत आले असं वाटलं. पुढच्या वेळी शब्द दिला नाही. ज्याचं त्याने मनात म्हणायचं, घंटा झाली की उठायचं. तेव्हा ते जमलं. माझ्या मते सामायिक जागा एवढीच आहे, बिळापाशी बसण्याची रीत. बिळातून कोण येणार यावर एकमत नाही, आणि ते आहे असं सोंग घेतलं की बसणंही पोकळ होतं.

आता पालामासकडे परत येतो. 1354 साली त्याचं जहाज तुर्कांच्या हाती लागलं आणि तो वर्षभर बंदी होता. त्या काळातलं त्याचं पत्र उपलब्ध आहे. निकाया शहराच्या वेशीबाहेर त्याने मुसलमानांची एक अंत्ययात्रा पाहिली. दफन झाल्यावर तिथल्या इमामाशी बोलणं निघालं. सुरुवात प्रार्थनेपासूनच झाली, तुम्ही मेलेल्यासाठी देवाकडे काय मागितलंत, अशी. दोनचार वाक्यांत गाडी न्यायाच्या दिवसावर गेली, तिथून येशूवर, तिथून मुहम्मदांवर, आणि वाद रंगला. अखेर तिथल्या एकाने म्हटलं, आपलं एकमत होईल अशी वेळ येईल. पालामास लिहितो, मी त्याला दुजोरा दिला, आणि ती वेळ लवकर येवो असं म्हणालो.

श्वासाश्वासाला देवाचं नाव घेणाऱ्यांसाठी आयुष्य वेचलेला माणूस एका बाजूला, झिक्र मुरलेला समाज दुसऱ्या बाजूला. त्या दुपारी तो विषय कुणीच काढला नाही.