प्रश्न त्यालाच विचारा, आणि उत्तरासाठी थांबा

नमस्कार! दर २१ मार्चला तुमच्या फोनवर एक फोटो येत असेल: एका पायात लाल मोजा, दुसऱ्यात ठिपक्यांचा. जागतिक डाउन सिंड्रोम दिन. २०१२पासून संयुक्त राष्ट्रं तो पाळतात. तारीख मुद्दाम निवडलेली आहे. डाउन सिंड्रोम म्हणजे जन्मतः पेशीतलं एकविसावं गुणसूत्र (आनुवंशिक माहितीचा धागा) दोनाऐवजी तीन, म्हणून तिसऱ्या महिन्याची २१. आणि मोजे का, तर गुणसूत्रांचा आकार चित्रात मोज्यांसारखा दिसतो. फोटो टाका, मजा करा, माझी काही तक्रार नाही. मला बोलायचंय ते २२ मार्चपासून पुढच्या दिवसांबद्दल.

आधी विज्ञान उरकून घेते. आपल्या पेशीत साधारणपणे ४६ गुणसूत्रं असतात. डाउन सिंड्रोममध्ये २१व्या गुणसूत्राची एक प्रत जादा येते. सुमारे ९५ टक्के लोकांत ती सुटी आणि प्रत्येक पेशीत असते. बाकीच्यांत दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेली, किंवा काही पेशींतच. जॉन लँग्डन डाउन या इंग्रज डॉक्टरांनी १८६६मध्ये लक्षणं लिहून ठेवली, पण हे जादा गुणसूत्र जगासमोर यायला १९५९ उजाडलं. गरोदरपणात आईने काही खाल्लं, ती घाबरली, रडली, म्हणून हे होत नाही. आईचं वय वाढतं तशी शक्यता वाढते, हे खरं. पण तरुण वयात मुळात बाळंतपणंच जास्त होतात, त्यामुळे डाउन सिंड्रोम असलेल्या कितीतरी बाळांच्या आया पस्तिशीच्या आतल्या असतात. कारण माहीत नसलं की लोकांना दोष द्यायला आई बरी सापडते!

आता मुद्द्याचं. डाउन सिंड्रोम असलेल्या बहुतेकांना जेवढं बोलता येतं, त्याहून बरंच जास्त समजतं. तोंडाचे स्नायू सैल, तोंडातली जागा कमी, शिवाय अनेकांना ऐकायलाही कमी येतं. त्यामुळे शब्द बाहेर पडायला वेळ लागतो, आणि आपण काय करतो?

ग्रंथालयाचा काउंटर डोळ्यांसमोर आणा. पंचविशीतला तरुण आणि सोबत त्याची बहीण. काउंटरवरचे गृहस्थ बहिणीला विचारतात, "याला कुठलं पुस्तक हवंय?" ती म्हणते, "त्यालाच विचारा ना." मग ते त्याच्याकडे वळून जरा मोठ्या आवाजात, "काय बाळा, गोष्टीचं पुस्तक हवं?" तो ओठ जुळवतो. पहिलं अक्षर अडतं. तेवढ्यात दुसरा प्रश्न, "का चित्रांचं?" झालं! पहिल्या प्रश्नाचं जुळत आलेलं उत्तर विस्कटलं, आता त्याला पुन्हा मुळापासून सुरुवात. शेवटी बहीणच नाव सांगते. त्याला क्रिकेटवरचं पुस्तक हवं होतं.

तिथे करायचं होतं ते एवढंच. त्याच्याकडे बघून छोट्या वाक्यात एकच प्रश्न विचारायचा आणि मनातल्या मनात दहा आकडे मोजायचे. खरंच मोजून बघा, दहा आकडे फार लांब वाटतात. कळलं नाही तर कळल्याचं नाटक नको, "परत सांगता का?" किंवा "दाखवा बरं" म्हणा. हो, "सांगता का". पंचविशीतल्या अनोळखी माणसाला आपण एरवी अहो-जाहोच करतो, मग इथे "बाळा" कुठून आलं? आणि ऐकून लक्षात ठेवण्यापेक्षा बघितलेलं यांच्या जास्त लक्षात राहतं. म्हणून कामावर चार सूचना तोंडी देण्याऐवजी चार चित्रं भिंतीवर लावा.

घरच्यांसाठी एक गोष्ट सांगते, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. "डाउनच आहे ना, असंच चालायचं" हे वाक्य फार घातक आहे. मूल हाक मारल्यावर बघत नाही, हट्टी झालंय? आधी कान तपासा, कानात पाणी साठणं यांच्यात सर्रास आढळतं. मोठं माणूस एकाएकी गप्प, सुस्त झालं? थायरॉइड तपासा, झोपेत श्वास अडकतो का बघा, मन उदास आहे का विचारा. चाळिशीनंतर विसरणं सुरू झालं तर अल्झायमरचाही विचार करावा लागतो. त्याच्याशी संबंधित एक जनुक नेमकं २१व्या गुणसूत्रावर असतं, त्यामुळे यांच्यात तो लवकर येतो. जवळपास निम्म्या बाळांना जन्मतः हृदयदोष असतो. त्यावरच्या शस्त्रक्रिया सुधारल्या, हेळसांड कमी झाली, आणि अमेरिकेत १९८३च्या सुमारास २५ वर्षं असलेलं आयुर्मान आता साठीच्या आसपास आलंय.

म्हणजे शाळेनंतर चाळीस वर्षं उरतात, आणि त्यातल्या शेवटच्या बऱ्याच वर्षांत आईवडील नसतात. आधार लागतो तो तिथे.

ख्रिस निकिकचं नाव ऐकलं असेल. २०२०मध्ये फ्लोरिडात पूर्ण आयर्नमॅन शर्यत पार करणारा डाउन सिंड्रोम असलेला तो पहिला माणूस. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल, वर मॅरेथॉन! जबरदस्त. पण असे व्हिडिओ बघून डोळे पुसणाऱ्यांना माझं एक म्हणणं आहे. मान मिळवायला प्रत्येकाने आयर्नमॅन कशाला व्हायचं? तुमच्या सोसायटीच्या कार्यक्रमात खुर्च्या मांडायचं काम डाउन सिंड्रोम असलेल्या शेजाऱ्याला द्या, आणि त्याने मांडल्यावर मागून जाऊन सरळ करत बसू नका.

पुढचा व्हिडिओ नोकरीवर: मुलाखत कशी घ्यायची, पहिल्या महिन्यात काम कसं शिकवायचं. भेटू.